बिडी, खड्डा आणि उघडा राहिलेला तेलाचा डबा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ तीन महिन्यांपूर्वी दुकान टाकलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. आधी तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा, आता एसीही घेतो. कूलिंग कॉइल काढायची होती म्हणून त्याने लो साइडची, म्हणजे कमी दाबाच्या बाजूची, पिन दाबून एसीतला सगळा आर-१३४ए गॅस हवेत सोडला. शेजारी उभ्या गिऱ्हाइकाने नेमकी तेव्हाच बिडी पेटवली. दोघांचे घसे असे झोंबले की पाच मिनिटं खोकत बसले. त्याचा उस्ताद म्हणतो, '१३४ला काही होत नसतं, कशाला घाबरतो.' मग घसा का जळला? आणि सोबत दुसरा प्रश्न: सगळ्या गाड्यांना एकच 'युनिव्हर्सल' तेल टाकलं तर चालतं का?

भाऊ, तुझा उस्ताद खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. मी या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. इथल्या द्वारकेजवळच्या एका गॅरेजात शिकायला लागलो तेव्हा आर-१२ या जुन्या गॅसच्या गाड्या अजून येत होत्या. 'गॅस विषारी आहे का?' असं विचारलंस तर उत्तर 'फारसा नाही' असंच येणार आणि तू बिनधास्त होणार. विचारायचं ते वेगळं: हा गॅस बाहेर कसा येतोय, कुठे साचतोय आणि कशाला लागतोय? सिलिंडरात बसलेला आर-१३४ए गरीब गाय आहे. सुटल्यावर त्याचं काय होतं ते जागेवर आणि वेळेवर ठरतं.

आधी तुझ्या घशाचं बघू. १३४ए साध्या हवेत पेटत नाही, हे खरं. पण ज्वाळेतून किंवा लालबुंद तापलेल्या वस्तूवरून गेला की तो फुटतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू निघतात. घशाच्या ओलाव्यात त्याचं अ‍ॅसिड होतं. बिडीचं टोक तेवढ्याला पुरतं, कारण ओढणारा तो धूर थेट छातीत घेतो. मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. म्हणून आंबट, नाकाला झोंबणारा वास आला की समजायचं, गॅस कुठेतरी जळतोय. काम सोडून उघड्यावर जायचं आणि हवा खेळती होईपर्यंत परत यायचं नाही. त्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी छाती भरून आल्यासारखी वाटली, दम लागला, तर डॉक्टरकडे जा आणि नेमकं काय झालं ते सांग. फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. गिऱ्हाइकालाही फोन करून विचार.

बिडी एकटी नाही. दुकानातली चहाची शेगडी, डिसेंबरातली शेकोटी, शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग, सगळं त्यातच आलं. गॅस शिल्लक असलेल्या पाइपला टाका मारणं तर मुळीच नाही. आमचे जुने लोक ज्योतीच्या टॉर्चने लीकेज शोधायचे, ज्योत हिरवी झाली की लीकेज सापडलं. ते आर-१२मध्ये क्लोरीन होतं म्हणून. १३४एमध्ये क्लोरीनच नाही, त्यामुळे ज्योत हिरवी होणार नाही, नुसता विषारी धूर मिळेल. तसा टॉर्च कोणाच्या कपाटात अजून असेल तर शोभेला राहू दे.

दुसरं, हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड असतो. सुटला की वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि सखल जागेत पाण्यासारखा साचतो. माझ्याकडे एकदा मिनीबसचं काम होतं, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी केलेली. वर मी पाइप सैल केला आणि खाली माझा पोऱ्या नट शोधत होता. थोड्या वेळाने त्याचा आवाज येईना. वाकून पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेला, डोळे उघडे पण हाकेला ओ नाही. दोघांनी खांद्याला धरून ओढून काढला, बाहेर हवेत पाच-सात मिनिटांत सावरला. गॅसने त्याला विष घातलं नव्हतं, त्याच्या वाट्याची हवा ढकलून लावली होती. शिवाय खूप गॅस छातीत गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि अशा वेळी माणसाला पळवणं, घाबरवणंही वाईट. तेव्हापासून खड्ड्यावर गाडी असेल तर एसीच्या पाइपला पाना लागत नाही. गाडी बाहेर घेतो, पावसात भिजावं लागलं तरी.

तिसरं, गारठा. १३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. म्हणजे त्याचा द्रव बोटावर पडला की तिथली सगळी ऊब ओढून घेतो. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आजही वाकडं आहे. मे महिना, मागे-पुढे दोन एसी असलेली मोठी गाडी, इंजिन नुकतंच बंद केलेलं. घाईत दाब मोजायच्या गेजची लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूची, नळी काढली. नळीत द्रव भरलेला होता तो अंगठ्यावर आला. कातडी मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक झाली. दुखलं काहीच नाही, म्हणून मी हसलो. पाच मिनिटांनी दुखायला लागलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. माझ्या उस्तादांनी प्रेमाने खोबरेल लावून चोळलं, आणि तिथेच चुकलं. असं झालं तर चोळायचं नाही, शेकायचं नाही. अंगाला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार आणि सरळ डोळ्यांचा डॉक्टर. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो. तू हातमोजे विचारले नाहीस, तरी सांगतो: तेलासाठी पातळ नायट्राइलचे, कपलर, म्हणजे नळी गाडीला जोडायचा भाग, काढताना त्यावरून जाड. कापडाचे मोजे द्रव पिऊन हाताला चिकटून बसतात, ते नसलेले बरे.

नळी काढायची माझी पद्धत अशी. गॅस भरून झाला की गॅसचा कॅन आधी वेगळा करतो. मग गाडी चालू असतानाच लाल कपलरचा नॉब बंद, म्हणजे लाल नळीचा गाडीच्या हाय साइडशी, जास्त दाबाच्या बाजूशी, संबंध तुटला. त्यानंतर गेजचे दोन्ही नॉब हळूहळू उघडायचे. लाल नळीतला द्रव निळ्या नळीतून लो साइडला खेचला जातो आणि दोन्ही काटे खाली येतात. मग निळा कपलर बंद करून इंजिन बंद. दोन मिनिटं जातात. एक नख वाचतं.

पण कॅन लावलेला आणि इंजिन चालू असताना गेजच्या लाल नॉबला हात लावायचा नाही. नाशिकच्या मे महिन्यात उभ्या गाडीचा हाय साइडचा दाब २५० पीएसआयच्या वर सहज जातो, तो उलटा कॅनमध्ये शिरतो आणि पातळ पत्र्याचा डबा फाटतो. चालू इंजिनवर भरायचं ते निळ्या बाजूने, कॅन उभा धरून, म्हणजे वायूच जाईल. उलटा धरलास तर द्रव जातो आणि कॉम्प्रेसर द्रव दाबू शकत नाही, व्हॉल्व्ह प्लेट तुटते. द्रव भरायचाच तर इंजिन बंद ठेवून हाय साइडने, वजनकाट्यावर. काट्याशिवाय गॅस भरणं म्हणजे डोळे मिटून मीठ घालणं. हॅचबॅकला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, नक्की आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो.

जानेवारीत याच्या उलट अडचण येते. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते तेव्हा सकाळी सिलिंडरातला दाब ४० पीएसआयच्या आसपास उतरलेला असतो आणि गॅस जाता जात नाही. मग कोणीतरी ब्लो लॅम्प काढतो. नको. बादलीत कोमट पाणी घे, हात बुडवता येईल एवढंच, आणि सिलिंडर त्यात उभा कर. रिकाम्या झालेल्या डिस्पोझेबल सिलिंडरात परत गॅस भरायचा नाही, तो एकदाच वापरायला बनवलेला असतो. काढलेला गॅस साठवायचा सिलिंडर वेगळा येतो आणि तोही ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायचा. काठोकाठ भरलेला द्रव दुपारी तापून फुगला तर त्याला जागा लागते. लीकेज बघायला कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून वापर. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस. १३४ए आणि हवा दाबाखाली एकत्र आले तर पेटू शकतात. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेल आणि ऑक्सिजन मिळून स्फोट होतो.

आता ज्याची मला या सगळ्यापेक्षा जास्त भीती वाटते ते: तू भरतोस तो गॅस १३४एच आहे कशावरून? स्वस्तातल्या डब्यात काहीही असू शकतं. कधी घरगुती गॅसचाच भाऊबंद असतो. तो थंड छान करतो, पण कूलिंग कॉइल केबिनमध्ये बसते आणि तिला भोक पडलं की पेटणारा गॅस सीटखाली. त्याहून वाईट म्हणजे आर-४०, मिथाइल क्लोराइड. २०११मध्ये रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरच्या यंत्रांचे स्फोट झाले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार गेले. आपली द्राक्षं परदेशी जातात ना, तसल्याच कंटेनरचे. १३४ए म्हणून भरलेल्या गॅसात आर-४० होता. त्याची अ‍ॅल्युमिनियमशी क्रिया होऊन असा पदार्थ बनतो की त्याला हवा लागताच तो भडकतो. गाडीचा कॉम्प्रेसर अ‍ॅल्युमिनियमचाच असतो.

गेजवर हे कळत नाही. आर-४० उणे २४ अंशांना उकळतो, म्हणजे १३४एच्या शेजारीच, आणि भेसळ करणारे दुसरा गॅस मिसळून दाब जुळवतात. तरी मी नवा सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवून सकाळी दाब बघतो. तीस अंशांना साधारण ९७ पीएसआय, पस्तीसला ११४, चाळीसला १३३. दहा-पंधरांचा फरक पडला तर सिलिंडर परत. आकडा जुळला म्हणून माल खरा, असं मात्र म्हणता येत नाही. म्हणून सीलबंद, बिलासह, एकाच ठिकाणाहून घेतो, आणि दुसऱ्याने भरलेल्या गाडीचा गॅस माझ्या सिलिंडरात घेण्याआधी आयडेंटिफायर, म्हणजे गॅस ओळखायचं यंत्र, लावतो. यंत्र महाग आहे. आम्ही चार गॅरेजवाल्यांनी मिळून घेतलं, आलटून पालटून वापरतो.

इथवर गॅसचं. तेलाकडे तुझं लक्ष कमी दिसतं, पण माझ्या वहीत परत आलेल्या कामांत गॅसपेक्षा तेलाची कामं जास्त आहेत.

१३४एच्या बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरच्या वंगणाला पीएजी नावाचं तेल असतं. ते ४६, १००, १५० अशा आकड्यांत येतं. आकडा म्हणजे जाडी. पातळ टाकलं तर कॉम्प्रेसरच्या पिस्टनवर थर टिकत नाही, जाड टाकलं तर ते कॉइलमध्येच रेंगाळतं, परत येत नाही. आर-१२च्या गाड्यांचं मिनरल तेल १३४एमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते फिरतच नाही. 'युनिव्हर्सल' डब्याने काही जुन्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात, नाकारत नाही. पण कॉम्प्रेसरच्या पाटीवर जे लिहिलंय ते मिळत असताना मी तो डबा घेत नाही. पाटी खराब असेल तर कंपनीच्या पुस्तकात बघ, किंवा कॉम्प्रेसरचा नंबर घेऊन पार्टवाल्याकडे जा.

पीएजीची खोड अशी की ते हवेतलं पाणी पितं. मीठ पावसाळ्यात कसं ओलं होतं, तसंच, फक्त दिसत नाही. एका जुलैत मी २५० मिलीचा डबा फोडला, शंभर मिली वापरलं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधून फळीवर ठेवला. आठवड्याने तेच उरलेलं दुसऱ्या गाडीत गेलं. दोन महिन्यांत ती गाडी परत आली, कॉम्प्रेसर खडखडत होता. उघडल्यावर आतून गंजाचे डाग, तेल तपकिरी. नवा कॉम्प्रेसर माझ्या खिशातून गेला. व्हॅक्यूम मारून, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून, तेलातलं पाणी निघतं अशी समजूत असते, ती खोटी. पाइपातलं मोकळं पाणी निघतं, पीएजीने धरून ठेवलेलं निघत नाही. म्हणून आता लहानात लहान डबा घेतो, गाडी तयार झाल्यावरच फोडतो, उरलेलं त्या गाडीबरोबर संपलं असं समजतो. नव्या ड्रायरची (ओलावा शोषणाऱ्या डब्याची) आणि पाइपांची टोपणंही शेवटच्या क्षणापर्यंत काढत नाही. रंगावर पीएजी सांडलं तर लगेच पूस, रंग मऊ पडतो. हाताला लागलं तर साबण, नाहीतर चट्टे उठतात.

किती टाकायचं? जेवढं निघालं तेवढं. जुना कॉम्प्रेसर काढला की पांढऱ्या मापाच्या कपात तेल ओततो. गंमत बघ, ते सोड्यासारखं फेसाळतं. त्यात विरघळलेला गॅस निघत असतो, आणि फेसासकट माप घेतलंस तर आकडा चुकेल. दहा मिनिटं थांब, फेस बसू दे, मग बघ. कप उन्हात तिरपा धर. स्वच्छ पिवळसर किंवा हिरवट असेल तर ठीक, हिरवट बहुधा लीकेज शोधायला टाकलेल्या रंगामुळे असतं. चंदेरी कण चमकले तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय, आणि काळी खीर आली तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नाही, कंडेन्सर आणि ड्रायरही जाणार. हे गिऱ्हाइकाला तो कप दाखवून सांगायचं, म्हणजे वाद होत नाही. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक वेळा पूर्ण सिस्टिमचं तेल भरूनच येतं, त्यातून जादाचं काढावं लागतं, नाहीतर एसी थंडच होत नाही आणि तू गॅसला शिव्या देतोस.

जुनं तेल गटारात नाही, इंजिन ऑइलच्या पिंपातही नाही. वेगळा कॅन, वर चिठ्ठी, आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं तेल येतं, लहान दुकानालाही.

व्हॅक्यूमचं एक नाशिकपुरतं सांगतो, कारण बरेच जण यात आपला चांगला पंप विकून टाकतात. इंटरनेटवर व्हॅक्यूमचा काटा २९ इंचांवर (पाऱ्याच्या) आणा म्हणतात. ते समुद्रकाठचं गणित. आपण जवळपास ६०० मीटर उंचीवर आहोत, इथे काटा २८च्या पुढे जाणारच नाही. पंप चांगला असतो, माणूस नवा घेतो. मात्र २६वरही थांबू नकोस. तीस अंशांच्या हवेत पाणी उकळायला इथे २६.७ इंचांच्या आसपास लागतं, आणि थंडीत त्याहून जास्त. म्हणून पाऊण तास पंप, मग बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते बघणं. जमलं तर व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मायक्रॉन गेज घे, काट्याच्या गेजवर हा फरक नीट कळत नाही.

आता हवेत गॅस सोडण्याबद्दल. तुझ्याकडे रिकव्हरी मशीन (गाडीतला गॅस काढून साठवायचं) नाही हे प्रश्नातच दिसलं, आणि नव्या दुकानाला ते परवडत नाही हे मलाही कळतं. तरी हिशेब ऐक. १३४एची वातावरण तापवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरतात. ४५० ग्रॅम सोडला तर सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड झाला. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी मुंबईला बारा वेळा जाऊन-येऊन करेल तेवढा. त्यात असे गॅस कमी करायच्या किगाली करारावर भारताची मोहोर २०२१मध्ये लागली आहे, २०२८पासून अशा गॅसांचा वापर गोठवायचा आहे. पुढे हा गॅस कमी होत जाणार, तेव्हा आजचा काढून ठेवलेला गॅस तुझाच माल. मशीन येईपर्यंत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून गॅस काढून आण, त्याचे पैसे बिलात वेगळे दाखव. माझी गिऱ्हाइकं देतात. सगळी देत नाहीत.

नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस दिसू लागलाय. तो हलकासा पेटणारा आहे, त्याचे कपलर वेगळे, मशीन वेगळं. १३४एचं मशीन जुगाड करून त्याला लावू नकोस, आणि त्या गाडीत १३४एही भरू नकोस.

शेवटी इलेक्ट्रिक गाडी, कारण वायरिंगवाला म्हणून तुझ्याकडे लोक नक्की येतील. तिचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, मोठ्या बॅटरीवर चालतो आणि मोटर तेलातच बुडालेली असते. म्हणून त्यात बहुधा वीज न वाहणारं पीओई तेल असतं. पीएजी थोडं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन घसरतं, गाडी फॉल्ट दाखवते आणि कॉम्प्रेसरच्या बॉडीत करंट उतरायचा धोका राहतो. सकाळी पेट्रोल गाडीला लावलेल्या नळ्यांत पीएजी राहिलेलंच असतं, त्याच नळ्या दुपारी इथे लावल्या की काम झालं. माझ्याकडे तिच्यासाठी गेज आणि नळ्यांचा वेगळा संच आहे, त्यावर नारिंगी टेप. १२ व्होल्टची बॅटरी काढली म्हणजे मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमधली वीज गेली असं होत नाही. सर्व्हिस प्लग काढणं, पुस्तकात दिलेली मिनिटं थांबणं, मीटरने शून्य बघणं, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे. हे प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती गाडी घेऊ नकोस. मी स्वतः ते शिकेपर्यंत दोन वर्षं अशा गाड्या परत पाठवल्या.

तू आधी गॉगल, दोन जोड हातमोजे आणि वजनकाटा आण, एका दुपारचा खर्च आहे. आणि ज्या गाडीची कॉइल उघडी पडलीये तिचे पाइप आत्ता टोपण लावून बंद कर. कॉम्प्रेसरच्या पाटीचा फोटो टाकलास तर तेल कोणतं ते सांगतो.